डाव्या हाताचं रिव्हॉल्व्हर

माझ्या नवऱ्याकडे त्या दिवसांत एकच शब्द उरला होता, खलास. स्ट्रोकनंतर अकराव्या दिवशी त्यांना घरी आणलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की यांना समजतं सगळं, पण बोलण्याची वाट बंद झाली आहे. अशा माणसाला कधीकधी एखादाच सवयीचा शब्द येत राहतो. सव्वीस वर्षं ते अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरावर कंटेनर उतरवणाऱ्या टोळीचे फोरमन होते. दिवसातून शंभर वेळा त्यांनी हाच शब्द ओरडला असेल. आता चहा नको असला तरी खलास, टीव्ही बंद कर म्हणायचं असलं तरी खलास, पाठीला खाज सुटली तरी खलास. मी डोळ्यांवरून, आवाजावरून अंदाज बांधायचे. निम्म्या वेळा चुकायचे. चुकले की ते डोळे मिटून घ्यायचे आणि मग तासभर उघडायचे नाहीत.

उजवी बाजू गेली होती. डावा हात मात्र शाबूत होता, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्या शाबूत हाताचाच व्हायचा. कारण ते तो वापरत नव्हते. खुर्चीत बसवलं की डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचे. भरवलं तर खायचे, पण चमचा हातात दिला तर सोडून द्यायचे. तो फरशीवर पडायचा, मी उचलायचे, धुवायचे, परत द्यायचे. परत पडायचा. एकदा मी इतकी चिडले की चमचा सिंकमध्ये आपटला आणि किचनमध्येच खाली बसून राहिले. आमचा शारजाच्या रोल्ला भागातला फ्लॅट दोन खोल्यांचा, त्यात लपायला जागा किचनचीच. बाहेरून त्यांचा आवाज आला, "खलास." मला वाटलं, माझी समजूत घालताहेत. मी गेले तर पंखा बंद करायला सांगत होते.

आम्ही दोघंही रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते आठवडाभर खोर फक्कानला कंपनीच्या खोलीत राहायचे आणि सुट्टीला शारजाला यायचे. मी इथल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवत होते, ते आता सोडलं होतं. एकच मुलगी. ती दुबई मरीनात नोकरी करते, तिथेच मैत्रिणींबरोबर राहते. तिनेच आम्हा दोघांना आपल्या व्हिसावर घेतलं, कारण यांच्या कंपनीने चार महिने वाट पाहून शेवटी नोकरीची आणि व्हिसाची फाईल बंद केली होती. बापाला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी त्यांनी तो एक शब्दही उच्चारला नाही.

फिजिओथेरपीला येणाऱ्या बाई केरळच्या होत्या. एक दिवस जाताना त्यांनी मला दाराबाहेर बोलावलं. म्हणाल्या, "मॅडम, मैं रबर का बॉल देती हूँ, इनको बॉल नहीं चाहिए. इनको क्या चाहिए, वो आप सोचो. जो हाथ अच्छा है, वो भी बैठे बैठे खराब हो जाएगा."

यांना काय हवं होतं? मी दोन दिवस विचार केला. बंदर हवं होतं, ते मला देता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांचा पायजमा काढायला कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी चिकटवलेले कागद दिसले. काळी वर्तुळं आणि मधोमध भोकांचा पुंजका.

त्यांना नेमबाजीचा नाद होता. गावी सासऱ्यांकडे रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची बंदूक होती, पण तिला हात लावायची पोरांना मनाई. ती हौस इथे फिटली. शारजाबाहेर एक शूटिंग क्लब आहे, तिथे महिन्यातून दोनदा शनिवारी सकाळी जायचे. हत्यार क्लबचं, गोळ्या त्यांच्याकडूनच घ्यायच्या, तासभर कागदावर नेम धरायचा आणि हत्यार परत करून यायचं. घरी आणायचा प्रश्नच नव्हता. मी कधी बरोबर गेले नाही. मला फटाक्यांचाही त्रास होतो. पण तिकडून आले की ते दिवसभर खुशीत असायचे आणि कपाटावर एखादा नवा कागद चिकटायचा.

मुलीला फोन केला. ती ऑफिसमध्ये होती, बाहेर येऊन बोलली.

"अम्मी, आर यू सीरियस? अ गन?"

"क्लबमध्ये ग. माणूस शेजारी उभा असतो."

"ही कान्ट ईव्हन होल्ड अ स्पून!"

"चमचा त्यांना धरायचाच नाहीये, म्हणून धरत नाहीत."

ती हळू आवाजात म्हणाली, "अम्मी, यू आर टायर्ड." मी फोन ठेवला. दमले होते हे खरंच होतं, पण माझ्यासमोर दुसरी वाटच नव्हती. पाच महिने मी देवाकडे, डॉक्टरांकडे, तेलवाल्या हकिमाकडे, सगळीकडे जाऊन आले होते.

शेजारी दापोलीच्या एक खाला राहतात. बुधवारी सकाळी त्यांना यांच्याजवळ बसवलं, बाजारात जाते म्हणून सांगितलं आणि टॅक्सीने क्लबला गेले.

तिथला इन्स्ट्रक्टर पाकिस्तानी फौजेतून निवृत्त झालेला, साठीला टेकलेला, मिशा पांढऱ्या. यांचं नाव सांगताच ओळखलं. काय झालं ते ऐकून त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "पिछले पाँच महीने से सोच रहा था, फोरमन साहब नाराज हो गए क्या." मी सरळ विचारलं, "एक हात से कौन सी चलती है? सिर्फ बाएँ से."

त्याने मला नीट समजावून सांगितलं. ते पूर्वी जे पिस्तूल वापरायचे ते आता कामाचं नाही. त्याचा वरचा भाग ताकदीने मागे ओढावा लागतो आणि त्याला दुसरा हात लागतो. साध्या रिव्हॉल्व्हरला तसं काही ओढावं लागत नाही, पण चाप लांब आणि जड असतो. डाव्या हाताने तो ओढता ओढता नळी हलते आणि गोळी कुठल्या कुठे जाते. राहिलं तिसरं, जुन्या पद्धतीचं, सिंगल ॲक्शन. त्यात दर वेळी अंगठ्याने मागचा घोडा खाली ओढायचा, तो कट् करून अडकतो, मग चापाला बोट नुसतं लागलं तरी पुरतं. पुढच्या गोळीसाठी पुन्हा घोडा ओढायचा.

"धीमा काम है," तो म्हणाला. "हर गोली के लिए अलग से इरादा करना पड़ता है."

मला ते ऐकताच पटलं. ज्या माणसाने पाच महिने स्वतःहून काहीच केलं नव्हतं, त्याला दर वेळी अंगठ्याने ठरवावं लागेल, असं काहीतरी मला हवंच होतं.

"बाजी, डॉक्टर का लेटर लगेगा. उसके बिना मैं उनके हाथ में नहीं दूँगा."

"लाऊँगी. पहले दिखाओ तो."

त्याने कपाटातून तीन रिव्हॉल्व्हर काढून टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवली. प्रत्येकाचं बाजूचं झाकण उघडून, चक्र फिरवून सहाही घरं रिकामी असल्याचं मला दाखवलं. मलाही बोट घालून बघायला लावलं. मग विचारलं, "उनका हाथ अब कैसा है?"

मला सांगता येईना. कसा आहे? मांडीखाली आहे, एवढंच मला माहीत होतं. मी ओढणी घेतली, उजवा हात पाठीमागे नेला आणि त्याला म्हणाले, "ये हाथ नहीं है, समझो. बाँध दो." तो गडबडला. बाईमाणसाचा हात बांधायचा कसा? शेवटी काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीला हाक मारली आणि तिने ओढणीने माझा उजवा हात कमरेला बांधला. मीही आयुष्यभर उजव्या हाताची. डाव्या हाताने मला साधा पेनसुद्धा धरता येत नाही. म्हटलं, आता आम्ही दोघं सारखे झालो.

पहिलं मोठं होतं, हातभर वाटेल अशा नळीचं. दिसायला सगळ्यात देखणं तेच. उचललं आणि मनगटच खाली गेलं. पुढचं टोक इतकं जड की माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, वर्तुळाच्या खालीच लोंबत राहिली. घोड्यापर्यंत अंगठा पोचवायला पकड सोडावी लागायची, आणि पकड सोडली की सगळं हत्यार हातात फिरायचं. इन्स्ट्रक्टर म्हणाला, याची गोळीही तशीच, मनगट उचलून टाकते. ते बाजूला ठेवलं.

दुसरं मध्यम. याला नेम बारीक करायला मागे स्क्रू होता आणि दोन तऱ्हेच्या गोळ्या चालायच्या, जोरदार आणि सौम्य. मूठ मोठी, भरीव. यांचे हात मोठे आहेत, दोरखंड ओढून ओढून रुंद झालेले, त्या मुठीत ते छान बसले असते. मी मनातल्या मनात त्यांचा हात तिथे ठेवून पाहिला. इन्स्ट्रक्टरलाही तेच आवडत होतं. म्हणाला, "मर्द के हाथ की चीज है."

तिसरं छोटं, सगळ्यात बारीक गोळीचं, टू-टू म्हणतात ते. मूठ बेताची. पण ते हलक्या धातूचं नव्हतं, पूर्ण स्टीलचं होतं, त्यामुळे हातात थरथरत नव्हतं. नळी आखूड. आणि त्याचा घोडा वेगळा होता: वाकडा, खाली झुकलेला, टोकाला रुंद. अंगठा जिथे आपोआप येतो तिथेच तो होता. पकड न सोडता ओढता आला. कट्.

मी पुन्हा ओढला. इन्स्ट्रक्टरने घोडा सावकाश परत कसा सोडायचा ते दाखवलं. तो आणखी एक सांगत होता, की या नव्या बनावटीत आत एक पट्टी असते, घोड्याला चुकून धक्का लागला तरी गोळी सुटत नाही. जुन्यात ती नसते, म्हणून जुन्यात एक घर रिकामं ठेवून पाचच गोळ्या भरायच्या. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. माझं लक्ष अंगठ्याकडे होतं.

मी तीन बुधवार गेले. खालांना तिसऱ्या वेळी खरं सांगावं लागलं, कारण दर बुधवारी बाजारात जाऊन मी रिकाम्या हाताने परत येत होते. पहिल्या दिवशी रिकामं हत्यार, दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने मेंबरचा फॉर्म भरला आणि मग गोळ्या. पन्नास गोळ्यांच्या डब्याचे दिरहम सांगितले तसे मी सवयीने तोंडातल्या तोंडात रुपये केले आणि मग स्वतःचीच लाज वाटली. कानावर मोठे हेडफोन, डोळ्यांवर चष्मा, कमरेला बांधलेला हात. पहिली गोळी सुटली तेव्हा मी रडले. भीतीने नाही. इतके महिने घरात कुणी मोठ्याने बोललंही नव्हतं, आणि हा एवढा मोठा आवाज मी केला होता.

मध्यम रिव्हॉल्व्हर मी सौम्य गोळ्यांनी चालवून पाहिलं. सहा गोळ्यांनंतर मनगट दुखायला लागलं, बाराव्याला हात खाली आला. छोट्याच्या तीस झाडल्या तरी हात वर होता. अंगठ्याच्या आतल्या बाजूची कातडी मात्र सोलून निघाली.

"ये छोटी वाली," मी सांगितलं.

इन्स्ट्रक्टर नाराज दिसला. "फोरमन साहब हँसेंगे, बाजी. कहेंगे, बच्चों की चीज दी."

"हँसें तो सही," मी म्हणाले. त्याने वहीत त्या रिव्हॉल्व्हरचा नंबर घातला आणि पुढच्या महिन्यातला एक शनिवार आमच्यासाठी राखून ठेवला. चाप जरा जास्तच हलका होता, तो थोडा घट्ट करून घेतो म्हणाला, म्हणजे बोट नकळत लागून गोळी सुटायला नको.

आता डॉक्टरांचं पत्र राहिलं होतं.

त्या गुरुवारी यांची तपासणी होतीच. डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. नर्सला सांगून यांची व्हीलचेअर बाहेर पाठवली, दार लावून घेतलं आणि मला हिंदीत विचारलं, "इन्होंने कभी ऐसा कहा है, कि जीना नहीं चाहते? इशारे से भी?"

मी म्हणाले, "ये तो एक ही शब्द बोलते हैं."

"मुझे मालूम है. उसी शब्द से कभी कहा है?"

मला उत्तर माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वीची दुपार होती. मी त्यांना स्टुलावर बसवून आंघोळ घालत होते. पाणी बंद केलं तर त्यांनी मांडीखालचा डावा हात काढला, पहिल्यांदाच स्वतःहून काढला, स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाले, "खलास." मी म्हणाले, "हो, झालीच आंघोळ." त्यांनी मान हलवली. छातीवर दोनदा हात आपटला. "खलास. खलास." आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मी टॉवेल त्यांच्या डोक्यावरच टाकला आणि जोरजोरात केस पुसायला लागले. म्हणजे मला ते डोळे दिसायला नकोत. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीला नाही, खालांना नाही. स्वतःलाही मी सांगत होते की आंघोळीबद्दलच बोलत होते.

खुर्चीत बसून मी हिशेब लावला. खोटं बोलले तर पत्र मिळेल. इन्स्ट्रक्टर शेजारी असेल, गोळी एकच भरेल, काही होणार नाही. आणि कदाचित तो हात मांडीखालून कायमचा बाहेर येईल. खरं बोलले तर माझ्याकडे उरलेली एकुलती एक आशा इथेच संपेल. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. बाहेर कॉरिडॉरमधून यांच्या खुर्चीचं चाक कुरकुरल्याचा आवाज येत होता.

मी खरं सांगितलं. सांगताना पाण्याचा नळ, टॉवेलचा रंग, सगळं सांगत सुटले.

त्यांनी पत्र दिलं नाही. म्हणाल्या, "आपने बताया, बहुत अच्छा किया. ये स्ट्रोक के बाद बहुत लोगों को होता है, और इसका इलाज है." औषधाच्या गोळ्या लिहून दिल्या, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात वेळ घेऊन दिली, घरातली औषधं कुलपात ठेवायला सांगितली. हत्याराबद्दल म्हणाल्या की यांच्या हातात द्यायचं नाही, आत्ता अजिबात नाही, पुढचं पुढे बघू.

टॅक्सीत मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती, म्हणून तिथेच सांगून टाकलं. "तुम्ही त्या दिवशी बाथरूममध्ये काय म्हणालात, ते मी डॉक्टरांना सांगितलं."

ते समोर बघत राहिले.

"मला तेव्हाच कळलं होतं. मी न कळल्यासारखं केलं. मला भीती वाटली."

ते समोरच बघत होते, पण जबडा हलत होता. मग मी क्लबचंही सांगितलं. तीन बुधवार, बांधलेला हात, छोटं रिव्हॉल्व्हर, मिळालं नाही ते पत्र. मी माझा डावा अंगठा त्यांच्यासमोर धरला. सोललेल्या जागी आता काळपट घट्टा पडला होता. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. भरवायला गेले की ओठ घट्ट मिटायचे. मुलगी सुट्टी टाकून आली. बापासमोर बसून म्हणाली, "अब्बा, प्लीज. जस्ट वन बाइट." त्यांनी तिच्या हातून चार घास खाल्ले, माझ्या हातून एकही नाही.

मुलीने मग मला किचनमध्ये धरलं. मला वाटलं, आता बंदुकीवरून बोलणार. ती म्हणाली, "अम्मी, यू न्यू? फॉर टू मंथ्स?" आणि रडायला लागली. मीही रडले. तिला काय सांगणार होते? की मला माहीत होतं, आणि ते मी टॉवेलखाली झाकलं.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते नीट आठवत नाही. औषधांनी ते खूप झोपायचे. मानसोपचाराचे डॉक्टर चित्रांचे कार्ड दाखवून त्यांच्याशी बोलायचे, हो असेल तर इकडे बोट, नाही असेल तर तिकडे. बोट दाखवायला डावा हात बाहेर काढावा लागायचा. काढायचे, दाखवायचे, परत मांडीखाली.

राखून ठेवलेला शनिवार जवळ आला तसा मी इन्स्ट्रक्टरला फोन केला, की पत्र मिळालं नाही, वेळ दुसऱ्या कुणाला द्या. तो म्हणाला, "आप तो मेंबर हो गईं ना, बाजी. आप आ जाओ. साहब को काँच के पीछे बिठा देंगे. देखने के लिए लेटर नहीं लगता." मी मानसोपचाराच्या डॉक्टरांना विचारलं. तेही हो म्हणाले, काचेपलीकडे, खालांना किंवा मुलीला शेजारी बसवून. मी यांना विचारलं तर त्यांनी ना हो केलं, ना खलास म्हणाले. त्याला मी होकार धरलं.

मुलगी त्यांच्या व्हीलचेअरजवळ बसली. मधे जाड काच, भिंतीत एक स्पीकर, त्यातून आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येतं. मी आत. आज हात बांधला नव्हता, पण सवयीने मी उजवा हात मागे धरला. इन्स्ट्रक्टर एका वेळी एकच गोळी भरून देत होता. मी हात वर केला, घोडा ओढला, झाडली. कागदाला लागलीच नाही. दुसरी खालच्या कोपऱ्यात. तिसरी पुन्हा बाहेर. त्या बुधवारी कोणीच बघत नसताना एवढी वाईट कधी झाडली नव्हती. मागे वळून बघायची हिंमत होईना.

चौथ्या गोळीला घोडा ओढला आणि मागून काचेवर आवाज आला. ठक्, ठक्, ठक्. इन्स्ट्रक्टरने माझं मनगट धरलं, हत्यार खाली घेतलं, मग मी कानावरचा हेडफोन सरकवून वळले. ते डाव्या हाताच्या बोटाच्या पेराने काच ठोकत होते. चेहरा लालबुंद. बंदरावर कुणी दोर चुकीचा बांधला की जसा व्हायचा तसा. स्पीकरमधून खरखरत आवाज आला.

"थांब."

मुलगी उठून उभी राहिली. "अब्बा?"

ते तिच्याकडे बघतच नव्हते. स्वतःचा डावा हात समोर लांब धरून त्यांनी माझी नक्कल केली, कोपर आडवं, खांदा कानाशी चढवलेला. मग रागाने मान हलवली, खांदा खाली पाडला, कोपर सरळ केलं आणि तसा हात धरून ठेवला. धरून ठेवला. मी मोजत नव्हते, पण बराच वेळ. हात खाली आला नाही.

"समझ गईं?" इन्स्ट्रक्टर माझ्या कानाशी म्हणाला. मी खांदा पाडला. चौथी गोळी कागदाला लागली, वर्तुळाच्या बाहेर, पण कागदाला.

सगळं ठीक झालं असं म्हणायला मी हे सांगत नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी पुन्हा चमचा टाकला. उजवा हात आला नाही, येणार नाही असं आता डॉक्टर स्पष्ट म्हणतात. पत्र अजून मिळालेलं नाही, कधी मिळेल ते सांगत नाहीत, आणि मीही मागत नाही. औषधांचं कपाट कुलपात आहे, किल्ली माझ्या गळ्यात. मुलीचं म्हणणं आहे की गावी परत जावं, तिथे माणसं आहेत. मला ते पटतं आणि पटत नाही. काही दुपारी ते छातीवर हात ठेवून बसतात, मग मी जवळ जाऊन सरळ विचारते, "आज वाईट आहे का?" ते मान हलवतात. कधी हो, कधी नाही. टॉवेल टाकत नाही मी आता. हो असलं तर डॉक्टरांना फोन करते.

शब्द मात्र वाढलेत. सतरा झालेत, मुलीने फ्रिजवर यादी लावली आहे. त्यात माझं नाव नाही, मला ते अजूनही "ए" म्हणतात, पण पाणी आहे, नको आहे, आणि एक असा शब्द आहे जो बंदरावरच चालतो, तो मुलीने यादीत लिहिला नाही.

महिन्यातून दोन शनिवार आम्ही जातो. गेल्या खेपेला माझ्या सहापैकी चार कागदाला लागल्या, एक तर काळ्या वर्तुळाच्या आत. मला आनंद झाला, मी काचेकडे वळून हात केला. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं वर करून दाखवली. चुकलेल्या दोन.

"परत," स्पीकरमधून आवाज आला. इन्स्ट्रक्टरने गोळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला.